कांद्याच्या निर्यातबंदीला संसदेत मत कोणी दिलं?

चाळीतला_माणूस | ९ डिसेंबर २०२३, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी नाशिकच्या सातपूरला कंपनीत, घर निफाड तालुक्यात. काल सकाळी दादांनी (म्हणजे वडिलांनी) लाल कांद्याची ट्रॉली मार्केटला नेली. २६ नोव्हेंबरच्या गारपिटीतून जेवढा वाचला तेवढा. आदल्या रात्री अधिसूचना निघालेली, ३१ मार्चपर्यंत निर्यात बंद. पहिल्या दोन-चार गाड्यांची बोली ऐकली आणि लोकांनी लिलावच बंद पाडला. तिकडे चांदवडला रास्ता रोको. दुपारी दादा भरलेली ट्रॉली घेऊन घरी परत.

शहरातल्या मंडळींसाठी सांगतो: हा लाल कांदा, उन्हाळ नाही. उन्हाळ कांदा चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) चार-सहा महिने निघतो, लाल थांबत नाही. ताडपत्री टाकली की घाम धरतो, काढली की दव पडतं. काल रात्री दादा दोन-दोन तासांनी बॅटरी घेऊन जायचे, ताडपत्रीचं टोक उचलून आत हात घालून बघायचे गरम झालाय का.

जेवताना त्यांनी विचारलं, "दिल्लीत अधिवेशन चालू हाये ना? मंग ह्या बंदीला आपल्याकडच्या खासदारांनी हात वर केला का खाली?"

मला उत्तर देता आलं नाही. शाळेत पाठ केलेलं सगळं आठवलं, लोकसभा, राज्यसभा, तीन वाचनं, राष्ट्रपतींची सही. पण ४ तारखेपासून अधिवेशन चालू आहे, त्यात निर्यातबंदीचं विधेयक कधी आलं? कोणी मांडलं? पक्षांची भांडणं नकोत, यंत्रणा कशी चालते तेवढं सांगा.

---

भजीप्रेमी | ९ डिसेंबर, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

---

स्पर्धापरीक्षा_बळी | ९ डिसेंबर, रात्री १०:३०

सहा वर्षं राज्यसेवा दिली, पोस्ट मिळाली नाही. निदान इथे तरी अभ्यास कामी येऊ दे.

आधी पुस्तकी. संसद म्हणजे तिघं: राष्ट्रपती, राज्यसभा, लोकसभा. लोकसभेत ५४३ जागा, आपल्या महाराष्ट्राच्या ४८. राज्यसभेत २४५, त्यात आपले १९ आणि राष्ट्रपतींनी नेमलेले १२. राज्यसभा कधी बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.

विधेयक मांडलं की पहिलं वाचन. तिथं चर्चा जवळपास नसतेच. दुसऱ्यात खरा जीव: तत्त्वावर चर्चा, वाटलं तर समितीकडे, मग एकेक कलम आणि त्यावरच्या दुरुस्त्या. तिसऱ्यात सगळं एकत्र मंजूर. मग दुसऱ्या सभागृहात हेच पुन्हा. दोघांचं जमलं नाही तर संयुक्त बैठक, आणि ती आजवर फक्त तीनदा झाली: १९६१ ला हुंडाबंदी, १९७८ ला बँक सेवा आयोग रद्द करायला, २००२ ला पोटा (दहशतवादविरोधी कायदा). धन विधेयक (कर-खर्चाचं) असेल तर राज्यसभेच्या हातात फक्त १४ दिवस. शिफारशी करायच्या आणि लोकसभेनं त्या मानल्या नाहीत तरी गप्प बसायचं. घटनादुरुस्तीला मात्र संयुक्त बैठकीची पळवाट नाही, दोन्ही सभागृहांत वेगवेगळं विशेष बहुमत लागतं.

आता धागाकर्त्याच्या प्रश्नाकडे. यातलं काहीही निर्यातबंदीला लागलं नाही. का, ते कोणी वकील सांगेल.

---

इंदिरानगर_काकू | १० डिसेंबर, सकाळी ७:१५

तुमच्या दादांबद्दल वाईट वाटलं रे. पण दुसरी बाजूही लिहिते. दिवाळीत मी सत्तर रुपये किलोनं कांदा घेतलाय, तोही अर्धा ओला. कांदा महागला की बाई आधी स्वतःच्या ताटातला कमी करते, हे कुठल्या बातमीत येत नाही. सरकारनं काही तरी करायला नको? आणि बंदी घालायची की नाही यावर संसदेत आठ दिवस चर्चा ठेवली तर तेवढ्यात व्यापारी सगळा माल बंदरावर नेऊन उभा करतील. काही निर्णय रात्रीतून घ्यावेच लागतात.

---

द्राक्षबाग | १० डिसेंबर, सकाळी ८:०५

काकू, कांदा कमी करायची वेळ आमच्याही घरात येते, भाव पडल्यावर.

रात्रीतून घ्यावे लागतात म्हणता, मग २०२० ची गंमत ऐका. १४ सप्टेंबर २०२० ला पावसाळी अधिवेशन सुरू झालं. त्याच दिवशी लोकसभेत जीवनावश्यक वस्तू कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आलं, की कांदा-बटाट्यासारख्या मालावरची बंधनं काढा, शेतकरी मोकळा होऊ दे. आणि त्याच १४ सप्टेंबरला कांद्याच्या निर्यातबंदीची अधिसूचना! दुसऱ्या दिवशी लोकसभेनं विधेयक मंजूर केलं, २२ ला राज्यसभेनं. २३ ऑक्टोबरला पुन्हा कांद्यावर साठ्याची मर्यादा, घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळला २ टन, तीही त्याच नव्या कायद्यातल्या अपवादाचा आधार घेऊन.

म्हणजे सभागृहात दार उघडत होते आणि मागच्या खिडकीतून कडी लावत होते. दोन्ही कायदेशीरच.

---

भजीप्रेमी | १० डिसेंबर, सकाळी ८:२०

कांदा आणि कायदा, दोन्ही सोलत गेलं की शेवटी हातात काही राहत नाही आणि डोळ्यात पाणी. हलके घ्या.

---

वकीलीण | १० डिसेंबर, दुपारी १२:४५

रविवार आहे म्हणून सविस्तर लिहिते.

@चाळीतला_माणूस, तुमच्या दादांचा प्रश्न अगदी नेमका आहे. उत्तर असं: मत पडलंय, पण १९९२ साली.

त्या वर्षी संसदेनं विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम केला. आधीचा १९४७ चा आयात-निर्यात नियंत्रणाचा कायदा काढून हा आणला. त्याचं कलम ३ वाचा. केंद्र सरकारला राजपत्रात आदेश काढून कुठल्याही मालाची आयात-निर्यात बंद करता येईल, मर्यादित करता येईल. झालं. त्या दिवशी संसदेनं स्वतःच्या हातातली चावी मंत्रालयाला दिली. तेव्हापासून गहू असो, तांदूळ असो, कांदा असो, परवाच्यासारखी एक अधिसूचना निघते आणि संपतं. खासदाराला कोणी विचारत नाही, कारण त्याच्या आधीच्या खासदारानं आधीच होकार देऊन ठेवलाय.

याला दुय्यम विधान म्हणतात. यात मुळात काही गैर नाही. संसद वर्षातून तीनदा भरते, किती रसायनं किती प्रमाणात, कुठल्या अर्जाचा कुठला नमुना, हे सगळं तिथं ठरवत बसली तर एक कायदा दहा वर्षं चालेल. म्हणून कायद्यात सांगाडा आणि मांस नियमांत. अडचण अशी की कधीकधी पोट भरणारा घास सगळा मांसातच असतो.

आता बारीक पण महत्त्वाचा फरक. ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, आठवतंय? तेव्हाही आपल्याकडे लिलाव बंद होते. शुल्क हा कर आहे, आणि कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही हे राज्यघटनेचं कलम २६५. त्यामुळे सीमाशुल्क दर कायद्यात सरकारला तातडीनं निर्यातशुल्क लावायची मुभा आहे, पण ती अधिसूचना संसदेपुढे ठेवून ठरावानं मान्यता घ्यावी लागते. पूर्ण बंदीला तेवढंही नाही, कागद पटलावर ठेवला की पुरे. शेतकऱ्याच्या दृष्टीनं बंदी ही ४० टक्क्यांपेक्षा मोठी, पण सभागृहाच्या दृष्टीनं लहान.

---

चाळीतला_माणूस | १० डिसेंबर, दुपारी १:३०

ताई, हे वाचून दोन मिनिटं नुसता बसलो. "पटलावर ठेवला" म्हणजे नक्की काय होतं? तिथं काय होऊ शकतं?

---

वकीलीण | १० डिसेंबर, दुपारी २:१०

लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास संपला की मंत्री उभे राहतात, "माझ्या नावापुढील कागदपत्रे सभागृहाच्या पटलावर ठेवतो" म्हणतात आणि बसतात. पाच-सहा मंत्री, पाच मिनिटं. अशा कागदांसाठी साधारण ३० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात दोन्ही सभागृहांनी ठरवलं तर तो नियम किंवा आदेश बदलता येतो, रद्दही करता येतो. करायचं म्हटलं तर.

शिवाय दोन्ही सभागृहांची दुय्यम विधानासाठी एकेक समिती असते. लोकसभेची १५ जणांची, १९५३ पासून. मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही. दिलेल्या अधिकाराच्या मर्यादेत नियम केलेत का, एवढंच ती बघते. निर्णय शहाणपणाचा की नाही हा तिचा विषय नाही.

---

जुना_प्रेसवाला | १० डिसेंबर, सायंकाळी ६:००

ताईंच्या चावीच्या उदाहरणावरून राहवलं नाही. मी नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त. १९२८ पासून इथे नोटा छापतात.

८ नोव्हेंबर २०१६. त्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या, त्यासुद्धा अधिसूचनेनंच. रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम २६, पोटकलम २. पुढचे महिने आमच्या रविवारच्या सुट्ट्या गेल्या, मशिनचा आवाज झोपेतसुद्धा यायचा. आणि घरी आलो की सासरेबुवा विचारायचे, "जावईबापू, संसदेनं ठरवलं का हे?" मी म्हणायचो, मला काय माहीत, मी नोट मोजतो.

आता माहीत झालंय. १९७८ ला मोठ्या नोटा बंद केल्या तेव्हा आधी वटहुकूम (राष्ट्रपतींच्या सहीनं निघणारा तात्पुरता कायदा) काढला आणि मग संसदेत रीतसर कायदा केला. २०१६ ला बंद अधिसूचनेनं झाली आणि संसदेचा कायदा २०१७ मध्ये मागाहून आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २ जानेवारी २०२३ ला निकाल लागला, चार विरुद्ध एक. चौघांनी प्रक्रिया वैध ठरवली. न्यायमूर्ती नागरत्ना एकट्या वेगळ्या. त्यांचं म्हणणं, सरकारला हे करायचं होतं तर वटहुकूम काढायचा किंवा संसदेत कायदा करायचा, अधिसूचनेनं भागत नाही.

म्हणजे निफाडच्या दादांचा प्रश्न आणि त्या बाईंचा प्रश्न एकच आहे बघा.

---

इंदिरानगर_काकू | १० डिसेंबर, सायंकाळी ६:२५

प्रेसवाले भाऊ, पटलं. पण नोटाबंदीची आधी आठ दिवस चर्चा कशी करणार होते? माझा मुद्दा तोच आहे.

---

जुना_प्रेसवाला | १० डिसेंबर, सायंकाळी ६:४०

वटहुकूम काढा ना काकू! तोही रात्रीतून निघतो. पण त्याला मुदत असते. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत संसदेनं मान्य केला नाही तर मरतो. म्हणजे रात्रीतून घ्या, पण नंतर येऊन सांगा तरी.

---

स्पर्धापरीक्षा_बळी | १० डिसेंबर, सायंकाळी ७:०५

+१. फक्त पुरवणी: अधिवेशन चालू असताना वटहुकूम काढता येत नाही. अधिसूचनेला मात्र असली अट नाही. परवाची बंदी सभागृह बसलेलं असतानाच आली.

---

गोदाकाठचा | ११ डिसेंबर, सकाळी १०:१५

अवांतर, पण लिहितोच. संसद जुन्या गोल इमारतीत होती तेव्हा एका ओळखीच्यांच्या पासावर प्रेक्षक सज्जात बसलो होतो. मोबाइल, पेन, पाकीटसुद्धा बाहेर जमा. शुक्रवारची दुपार. शुक्रवारी शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांची, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांची, विधेयकं असतात, हे मला नंतर कळलं. खाली मोजून तीस-पस्तीस माणसं असतील. एक खासदार तळमळीनं बोलत होते, कागदांवर रेघोट्या मारून तयारी केलेली. समोरच्या बाकावर एक जण डुलक्या घेत होते. गणपूर्तीला (किमान हजेरीला) ५५ लागतात, पण कोणी हरकत घेतली नाही की कोणी मोजत नाही.

बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, अशी विधेयकं आजवर चौदाच मंजूर झालीत आणि शेवटचं १९७० मध्ये. मला विश्वास बसला नाही. घरी येऊन तपासलं, खरं निघालं. त्या खासदारांना हे माहीत असणारच, तरी ते बोलत होते. का, ते मला अजून कळलेलं नाही. पण तेव्हापासून "सगळे सारखेच" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

---

द्राक्षबाग | ११ डिसेंबर, सकाळी १०:५०

भाऊ, बोलण्यापेक्षा मत महत्त्वाचं, आणि मत त्याचं स्वतःचं कुठे असतं? १९८५ ला पक्षांतरबंदी आली, दहावी अनुसूची. पक्षादेश (व्हिप) निघाला आणि विरुद्ध बटण दाबलं तर खासदारकी जाऊ शकते. मग कांद्याच्या भागातला खासदार काय आणि मुंबईतला काय, बटण एकच.

---

वकीलीण | ११ डिसेंबर, दुपारी १:००

खरं आहे, पण बटणापर्यंत जातंय कोण? बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं होतात. "होय"वाले ओरडतात, "नाही"वाले ओरडतात, अध्यक्ष कानांनी ठरवतात. कोणी मतविभागणी मागितली तरच घंटा वाजते, दारं बंद होतात आणि कोणी काय दाबलं त्याची नोंद राहते. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकांवर मतविभागणी मागितली, ती झाली नाही, आवाजीनं मंजूर. आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे मागे घेतले तेव्हा दोन्ही सभागृहांत चर्चाच झाली नाही. आणताना घाई आणि नेतानाही घाई. मागे घेण्याच्या बाजूच्यांनाही ते टोचलं पाहिजे होतं, मला तरी टोचलं.

---

पंचवटीकर_आजोबा | ११ डिसेंबर, सायंकाळी ५:३०

मुलांनो, आमच्या नाशिकचा एक किस्सा अजून कोणी सांगितला नाही. १९६२ च्या युद्धात यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, तेव्हा ते संसदेचे सदस्य नव्हते. सदस्य नसलेल्या माणसाला सहा महिने मंत्री राहता येतं, तेवढ्यात निवडून यावं लागतं. त्यांना नाशिकनं लोकसभेवर पाठवलं, बिनविरोध. मी तेव्हा शाळेत. निवडणूकच नाही म्हणून आम्हा पोरांना ना पत्रकं मिळाली ना बिल्ले, भारी हिरमोड झाला होता.

---

भजीप्रेमी | ११ डिसेंबर, सायंकाळी ५:४५

आजोबा, बिल्ले नाहीत ही खरी संसदीय शोकांतिका.

---

जुना_प्रेसवाला | १८ डिसेंबर, रात्री ८:१०

धागा वर काढतो. आज लोकसभेत टपाल विधेयक मंजूर झालं, राज्यसभेत ४ तारखेलाच झालं होतं. १८९८ चा टपाल कायदा जाणार. आमच्या शेजारच्या प्रेसमध्ये तिकिटं छापली जातात म्हणून लक्ष होतं. राष्ट्रपतींची सही म्हणजे नुसता शिक्का असं म्हणणाऱ्यांसाठी: १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक तेव्हाचे राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही न करता तसंच ठेवून दिलं. राज्यघटनेत त्यांना तारीख घालून दिलेली नाही. लोकांची पत्रं उघडण्याचा अधिकार होता त्यात.

---

स्पर्धापरीक्षा_बळी | २१ डिसेंबर, रात्री ११:००

आज तिन्ही फौजदारी विधेयकं राज्यसभेतही मंजूर, काल लोकसभेत झाली. भारतीय दंड संहिता १८६० ची, ती जाणार. प्रक्रियेपुरतं लिहितो: ऑगस्टमध्ये मांडली, गृह खात्याच्या स्थायी समितीकडे गेली, नोव्हेंबरमध्ये अहवाल आला, १२ डिसेंबरला जुनी मागे घेऊन सुधारून नवी मांडली. अशा खात्यानुसार समित्या १९९३ पासून आहेत, आता २४, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. तिथं कॅमेरे नसतात, त्यामुळे म्हणे माणसं माणसांसारखी बोलतात.

आणि शेवटच्या चर्चेला दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित. समितीत जवळपास तीन महिने गेले आणि सभागृहात विरोधकांचे बरेच बाक रिकामे. अधिवेशनही आजच संपलं, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी.

---

चाळीतला_माणूस | २३ डिसेंबर, रात्री १०:२०

उशिरा आलो, माफ करा. लिलाव सुरू झाल्यावर ट्रॉली गेली. त्यातला एक थर टाकून द्यावा लागला, उरलेला काय भावानं गेला ते लिहीत नाही.

दादांना ताईंचं उत्तर वाचून दाखवलं. १९९२ ऐकून हसले. म्हणाले, "म्हणजे मी ह्या बंदीला मत दिलं ते तुझ्या जन्माआधी! त्या वक्ताचा खासदार आपणच निवडला व्हता." मग जरा वेळानं, "मंग आता ती चावी परत मागायची तर कोणाकडं?"

खासदारांनी प्रश्न विचारावा म्हणून ओळखीच्यांना भेटलो. कळलं की प्रश्नाला पंधरा दिवस आधी सूचना लागते, म्हणजे यंदा वेळ गेलीच होती. शिवाय निफाड दिंडोरी मतदारसंघात, आणि आमच्या खासदार केंद्रात राज्यमंत्री आहेत. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तर देतात. आता काय?

---

वकीलीण | २३ डिसेंबर, रात्री १०:५५

लोकसभेच्या याचिका समितीचा रस्ता आहे. सार्वजनिक हिताच्या विषयावर कुठल्याही नागरिकाला सभागृहाला उद्देशून याचिका देता येते, खासदारानं ती सादर करायची. तो तुमच्याच मतदारसंघातला असावा असं नाही. नाशिकचे आहेत, मालेगाव-बागलाण धुळ्यात जातं म्हणून धुळ्याचे आहेत. मागणी नेमकी लिहा. "बंदी उठवा" हे कोणीही लिहितं. तुम्ही लिहा की नाशवंत शेतमालावर कलम ३ खाली बंदी घातली तर तिला ठरावानं मान्यता घ्यायची अट कायद्यात घाला, जशी शुल्काला आहे तशी.

---

इंदिरानगर_काकू | २३ डिसेंबर, रात्री ११:१०

आणि ग्राहकांच्या वतीनं माझीही सही घ्या. रात्रीतून घाला बंदी, पण नंतर येऊन सांगा तरी, हे मला प्रेसवाल्या भाऊंचं पटलंय.

---

चाळीतला_माणूस | २३ डिसेंबर, रात्री ११:२५

काकू, 🙏. ताई, एकच. दादा म्हणतात मी सांगतो तसंच लिहायचं, मराठीत. चालेल का?

---

वकीलीण | २३ डिसेंबर, रात्री ११:३२

चालेल. सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि त्यावरही त्यांची सही लागते. हिंदी मी करून देते. त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, ताडपत्रीचं सोडू नका.